भानुदासची फळी

नदीकाठच्या एका गावात भानुदास नावाचा एक भोळा नवरा होता. सांगितलेलं सगळं ऐकणारा नवरा म्हणून गावातल्या बायका त्याचं फार कौतुक करत. त्यांना त्याच्या घरात राहावं लागत नव्हतं.

राहावं लागे ते रोहिणीला, त्याच्या बायकोला. गल्लीतल्या पोरींसाठी तिने दोन पोती पुस्तकं जमवली होती. पंचायतीची एक खोली रिकामी होती. तिथे वाचनालय काढायची परवानगी ती कधीची मागत होती. शेवटी सरपंच म्हणाले, "रविवारी घरी येतो. पुस्तकं नीट ठेवता येतात का, ते बघतो." त्या खोलीत सरपंचांना मंडपाच्या खुर्च्या ठेवायच्या होत्या. खुर्च्या नीट ठेवता येतात का, हे बघायला कुणी येणार नव्हतं.

रोहिणी भानुदासला म्हणाली, "अहो, बहिणीकडे आहे तशी फळी लावा. भिंतीत दोन सळ्या ठोकायच्या, त्यांवर फळी सरकवायची. खालून आधार दिसत नाही."

भानुदासने फळी लावली. पुस्तकं घसरगुंडी खेळत खाली आली.

"अहो, आधी पाणसळ ठेवून बघावं! नळीतला बुडबुडा मध्ये आला की मगच हात लावावा."

"बरं," भानुदास म्हणाला.

तेवढ्यात अंगणात त्याची आई पाय घसरून पडली. भानुदास धावत गेला. त्याने पाणसळ आईच्या पाठीवर ठेवली.

"मेल्या, हात दे!"

"थांब आई, बुडबुडा अजून डावीकडे आहे."

शेवटी शेजारणीने तिला उचललं. आई कण्हत म्हणाली, "पडलेल्याला मोजत बसू नये रे! उचलावं, तेल चोळावं, हळदीचं गरम दूध पाजावं."

"बरं," भानुदास म्हणाला.

त्याने पाणसळ ठेवून फळी पुन्हा लावली. बुडबुडा अगदी मधोमध. शनिवारी पुस्तकं ठेवली आणि भिंतीच्या गिलाव्याचा पोपडाच निघाला. फळी दाणकन खाली.

भानुदासने फळीला उचललं, गादीवर निजवलं, तेल चोळलं आणि वर तांब्याभर हळदीचं दूध ओतलं. रोहिणी आली तेव्हा फळी फुगून पिवळी झाली होती आणि भानुदास तिच्यावर गोधडी घालत होता.

"अहो, ती फळी आहे! आणि सळ्या ठोकल्यात कुठे, तर वरवर बुजवलेल्या पोकळ कोनाड्यावर!" रोहिणीला रडू फुटलं. "ज्याच्या भरवशावर पुस्तकं ठेवायची, ते आधी ठोकून बघावं. कान लावून ऐकावं. पोकळ वाजलं तर लगेच ओरडून मला सांगावं. एवढं तरी लक्षात ठेवा!"

"बरं," भानुदास म्हणाला.

रविवारी सरपंच आले. मागून चार मेंबर आले, दारात पोरी जमल्या. पुस्तकं पुन्हा पोत्यात होती. रोहिणीची मान खाली.

पण निवडणूक महिन्यावर आली होती. अशा दिवसांत सरपंचांना वाचन फार आवडे. ते हसले. "वहिनी, फळीचं काय घेऊन बसलात? पुस्तकं माझ्या भरवशावर ठेवा!" आणि त्यांनी खिशातून खोलीची खरीखुरी किल्ली काढून पुढे धरली.

रोहिणीने हात पुढे केला.

"थांब!" भानुदास म्हणाला.

तो उठला. हातोडी शोधली, सुदैवाने सापडली नाही. मग त्याने सरपंचांची टोपी अदबीने काढून बाजूला ठेवली. बोट वाकवून कपाळावर ठोकलं. टक्. टक्. कान लावून ऐकलं. पुन्हा एकदा ठोकून खात्री केली. मग गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, "रोहिणी, पोकळ आहे गं! याच्या भरवशावर काही ठेवू नकोस!"

किल्ली परत खिशात गेली. खोलीत खुर्च्या गेल्या.

गावातल्या शहाण्या माणसांनी भानुदासला संध्याकाळपर्यंत झापलं. म्हणाले, "वेडा कुठला! ते काय आम्हाला माहीत नव्हतं? पण असं ठोकून बघतं का कुणी?"

"बरं," भानुदास म्हणाला. "पुढच्या वेळी न ठोकताच सांगतो."