पडद्यावरची रांग

एका तालुक्याच्या गावी झुंबर नावाचा एक भोळा वॉर्डबॉय होता. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. सगळा घोळ तिथंच व्हायचा.

सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात डॉक्टर एकटे पाटणेसाहेब आणि रांग पार फाटकापर्यंत. बिचाऱ्यांना दुसरा डॉक्टर हवा होता, पण जिल्ह्याचे मोठे साहेब पुराव्याशिवाय देईनात. म्हणून कॉम्प्युटरवाल्या कुलसुम मॅडम आल्या. त्यांनी पडद्यावर एक खोटा दवाखाना मांडला. डॉक्टर वाढवला की रांग किती हटते, ते त्यात दिसायचं.

"हे लाल ठिपके कोण?" झुंबरनं विचारलं.

"थांबून थांबून बेजार झालेले पेशंट."

झुंबरला दया आली. त्यानं तांब्याभर पाणी आणून कॉम्प्युटरवर ओतलं.

मॅडमनी घाईघाईनं कॉम्प्युटर पुसून वाचवला आणि कपाळावर हात मारला. "अरे, हे पेशंट खोटे. त्यांना काही द्यायचं नाही. नुसतं बघायचं, किती वेळ थांबतात ते."

"बरं."

दुपारी विंचू चावलेला एक माणूस आला. झुंबर त्याच्यासमोर स्टूल टाकून घड्याळाकडे बघत बसला. माणूस पाणी मागत होता. झुंबरनं दिलं नाही.

डॉक्टर धावत आले. "अरे शहाण्या, जो जास्त कळवळतोय त्याला आधी आत आणायचं."

"बरं."

मग एक जोडपं आलं. बाईचं बोट विळीनं कापलं होतं, बोंब नवरा मारत होता. झुंबरनं नवऱ्याला उचलून टेबलावर टाकलं आणि हलू नये म्हणून बांधलं. बाई बोट धरून बाहेरच उभी.

डॉक्टरांचा पारा चढला. "स्वतःची अक्कल चालवू नकोस. यापुढं पडद्यावर जे होईल, तेच इथं करायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब यायचे होते. सकाळीच मॅडमनी पडद्यावर दोन डॉक्टर बसवून पाहिलं. रांग बघता बघता संपली. डॉक्टर आनंदानं शर्ट बदलायला गेले.

साहेब आले. त्यांनी रिकामी बाकडी पाहिली, रिकामं फाटक पाहिलं. "इथं तर चिटपाखरू नाही. दुसरा कशाला, आहे तोच डॉक्टर जास्त होतोय. पाटणे, उद्यापासून तुमची बदली."

डॉक्टरांनी तोंड उघडेपर्यंत गाडी निघून गेली.

"झुंबर, माणसं कुठं गेली?"

"घरी धाडली. पडद्यावर संपली, तशी इथली रांग संपवली."

डॉक्टर मटकन खाली बसले. त्यांना रडूच आलं. "अरे, उद्या इथं लोकांना तपासणार कोण?"

झुंबरनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुम्ही बिनघोर जा, साहेब. पडद्यावर दोन डॉक्टर आहेत की."