खालचा हिरवा थर

"आणखी किती थर, मास्तर?"

शार्दूलने हे विचारलं तेव्हा कुमुदवहिनी पायरीवरच होत्या. हातात मास्तरांचा डबा होता. रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात चार पापड्या घातल्या होत्या. डबा ठेवायचा आणि मागे फिरायचं, असं घरून ठरवूनच त्या निघाल्या होत्या.

पण असा प्रश्न कानावर पडल्यावर उत्तर न ऐकता जायचं म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखंच. वहिनी पडवीच्या कडेला टेकल्या.

मास्तरांनी चित्रावरून मान वर केली.

"डबा परत करायला आलात वहिनी, की बातमी न्यायला?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीला," वहिनी म्हणाल्या. "एका फेरीत दोन कामं झालेली बरी."

दामू चुरी मास्तरांनी शाळेत चित्रकला शिकवण्यात उमर घालवली होती. नोकरी संपली तरी शिकवणं संपलं नव्हतं. बोर्डीच्या त्यांच्या पडवीत पोरं येत, मोठी माणसंही येत, आणि रंगीत पेन्सिलींनी फळं काढत. फक्त फळं. तीही आपल्या वाडीत, परसात पिकतील तीच.

पेन्सिल दाबायची नाही. निखाऱ्यावर फुंकर घालावी तशी कागदावरून हलकेच फिरवायची. आधी हिरवा. त्यावर पिवळा. त्यावर नारिंगी, मग विटकरी, मग तपकिरी, असं एकावर एक चढत जायचं.

का, असं कुणी विचारलं तर मास्तर म्हणत, "फळ आधी हिरवं असतं." बस्स, पुढे अक्षर नाही.

आणखी एक रीत होती. चित्र कुणाचंही असो, मास्तर 'कर' म्हणाल्याशिवाय खाली सही करायची नाही.

शार्दूल सावे हा त्यांचा सगळ्यांत हुशार चेला. आपण हुशार आहोत हे त्यालाही ठाऊक होतं, तिथेच जरा घोळ होता.

त्याच्या वडिलांनी त्याला वर्षभराची मोकळीक दिली होती. वर्षात नाव कुठे झळकलं तर ठीक, नाहीतर वापीला काकाच्या फरशीच्या दुकानात बसायचं. वर्ष संपत आलं होतं. मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनाला चित्र पोचवायची उद्या शेवटची तारीख होती, आणि बिनसहीचं चित्र तिथे घेत नाहीत.

हे सगळं वहिनींना माहीत होतं. कसं माहीत होतं, ते विचारू नये. त्यांच्या आणि सावेंच्या परसात एकच कुंपण आहे.

बैठ्या मेजावर चित्र आडवं ठेवलेलं होतं. एकच चिकू, खराखुरा असतो तेवढाच. शेजारी बशीत तो चिकू, ज्याला बघून हा काढला होता.

वहिनी मेजाशी सरकून मान लांब करून बघू लागल्या.

अगंबाई! अंगावरचा कोंडा तोच. देठाजवळची धूळकट खरखर तीच. पोटाशी जरा चपटा, तोही तसाच. हा कागदावर आहे हे डोळ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं.

मग मास्तर अडून का बसलेत?

"हिरव्यापासून सुरुवात केलीय," शार्दूल म्हणाला. "एकही थर गाळला नाही. पेन्सिल कुठेही दाबली नाही. भिंग लावून बघा."

मास्तरांनी भिंग घेतलं नाही.

"चुकलंय कुठे, तेवढं सांगा."

"चुकलं नाही."

"मग सही करू?"

मास्तरांनी बशीतला चिकू जरा फिरवून ठेवला.

"मास्तर, मी काय विचारतोय?"

"ऐकलं मी."

शार्दूलचे कान लाल झाले. वहिनींना वाटलं, लहानपणी कैऱ्या चोरताना पकडला होता तेव्हाही याचे कान असेच झाले होते.

"माझ्या कॉलेजातले सर म्हणाले, फोटो वाटतो."

"फोटो काढायला कळ दाबायची असते. तू आठ दिवस कशाला बसलास?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"हसा, काकू, हसा," शार्दूल म्हणाला. "उद्या वापीला फरशा पुसताना मीही हसेन."

"तुला नाही रे हसले, राजा," वहिनी गडबडीने म्हणाल्या. आणि मग राहवेना म्हणून त्यांनी विचारलंच, "पण मास्तर, मी आपली अडाण्यासारखी विचारते हं... सही करायला सांगायच्या आधी तुम्ही बघता तरी काय?"

"मी काही बघत नाही. थांबतो."

"कशासाठी?"

"ते आल्यावर कळतं."

हे काय उत्तर झालं? वहिनींना ते शर्टाच्या तुटक्या गुंडीसारखं वाटलं, हातात आहे पण लावायचं कुठे ते कळत नाही.

शार्दूलचा धीर सुटला. त्याने बशी उचलून चित्राला भिडवून ठेवली.

"हे बघा. हा एक आणि हा एक. सांगा, यातला खरा कोणता?"

मास्तरांनी दोन्हींकडे बघितलं. बाहेर वाडीत कुणीतरी पाटाचं पाणी वळवत होतं, त्याचा तेवढा आवाज.

मग मास्तरांनी बशीतला चिकू उचलला, दोन्ही अंगठ्यांनी उकलला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा वहिनींच्या हातावर ठेवला.

काळी चकचकीत बी तळव्यावर काढून ते म्हणाले, "हा."

शार्दूलने रिकामी बशी बाजूला ठेवली.

वहिनींना वाईट वाटलं, पण चिकू हातात आलाच होता. तो काय टाकून द्यायचा? त्यांनी खाल्ला. आणि दोघांच्या मधली ती अवघड शांतता मोडायची म्हणून बोलायला लागल्या.

"काय गोड आहे हो! नाहीतर आमच्या जाऊबाई. त्यांना घाई फार. फळ तयार झालंय का बघायचं नाही, झाडाखाली उभ्या राहिल्या की टोपली भरलीच पाहिजे. मग पाहुण्यांपुढे चिकट चिकू. मागच्या खेपेला तर जावईबापूंचे ओठच एकमेकांना चिकटले. मी किती वेळा सांगितलं, बाई गं, आधी नख लावून बघत जा..."

तोंड बोलत होतं आणि हात आपल्या कामाला लागला होता.

त्या बाजूच्या बाईमाणसाला चिकू दिसला की नख आपोआप पुढे जातं. साल जराशी खरवडायची. खाली पिवळट दिसलं तर फळ तयार. हिरवं दिसलं तर कच्चं, अजून थांबा. वाडीत, बाजारात, दुसऱ्याच्या टोपलीत, सगळीकडे हेच. विचार करून कुणी करत नाही.

वहिनींच्या अंगठ्याचं नख चिकूच्या कुशीवरून फिरलं.

"...हा बघा, हिरवा. कच्चाच आहे. चार दिवस पेंढ्यात घालून..."



त्यांनी नखाकडे बघितलं. नखात चिकूची वाळूसारखी भुकटी नव्हती. पेन्सिलीचं तपकिरी मेण होतं.

कागदावरच्या चिकूवर नखाएवढा ओरखडा उमटला होता. वरचे सगळे रंग निघून आले होते आणि खालून पहिला थर डोकावत होता. हिरवागार.

"काकू!"

शार्दूल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं वहिनींना वाटलं. त्याचा आवाज विहिरीत पडलेल्या बादलीसारखा खोल गेला होता.

"अरे देवा... अरे मी... हे मेलं नख! मला वाटलं... नाही, वाटलं कुठे, मी बोलत होते आणि हात गेला. शार्दूल, बाळा, भरता येईल ना रे ते? मास्तर, तुम्ही काहीतरी बोला ना!"

धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

शार्दूलने तपकिरी पेन्सिल उचलली.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

"भरू नकोस."

"उद्या पोचायला हवंय ते!"

"हो."

"मधोमध ओरखडा दिसतोय!"

"हो."

मास्तर पुढे वाकले. इतका वेळ भिंगालासुद्धा हात न लावणारा माणूस, त्याचं नाक कागदाला टेकायचं तेवढं राहिलं. त्यांनी तो ओरखडा निरखून बघितला. वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे पोरासारखे लकाकत होते.

"वहिनी, आत काय दिसलं म्हणालात?"

"चुकलं हो माझं."

"ते नाही विचारलं. काय दिसलं?"

"हिरवं."

"हिरवं म्हणजे?"

"म्हणजे... कच्चा."

"ऐकलंस?" मास्तर शार्दूलला म्हणाले.

शार्दूलच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "म्हणजे इतके दिवस घासून माझं चित्र कच्चंच राहिलं. असंच ना?"

"चित्राबद्दल त्या कुठे बोलल्या?"

शार्दूलने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी आपल्या नखाकडे. मग दोघांनीही मिळून चिकूकडे.

पाटाच्या पाण्याचा आवाज थांबला होता.

"कर सही," मास्तर म्हणाले.

शार्दूलला पहिल्यांदा ते ऐकूच आलं नाही. मग आलं. त्याने पेन्सिलीला टोक काढलं, बाही मागे सारली, मनगट कागदावर टेकवलं... आणि टोक हळूच त्या ओरखड्याकडे नेलं. नाव तिथेच घातलं तर खरवडलेलं अलगद झाकलं जाईल. वहिनींनाही वाटलं, बरी युक्ती काढली पोराने.

मास्तरांनी बोटाने त्याची पेन्सिल बाजूला सारली.

"तिथे नको. तिथे झालीय."