मुलाखतीचा वार

“मग आता तरी बरा म्हणाल की नाही, सर?”

तेजसने हे दुसऱ्यांदा विचारलं. टिपणीस सर तुरुंगाच्या अंगणात कडुनिंबाच्या पारावर बसून धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होते. ऐकू आलं नाही असं नव्हतं. म्हाताऱ्याचे कान चांगले तिखट होते.

वेड्यांच्या बराकीत डॉक्टरकी करण्यात सरांचा जन्म गेला. पेन्शनीत निघाले तरी गुरुवारी येऊन बसायचे. तेजस बिडकर त्यांचाच शिष्य, नवा कोरा मनोविकारतज्ज्ञ. हुशार, यात वादच नाही. पण दृष्ट लागेल म्हणून ती हुशारी त्याने कधी झाकून ठेवली नाही.

“कोण बरा झाला?” सर म्हणाले.

“तुळशीराम! आज जाळीकडे फिरकलासुद्धा नाही.”

हा तुळशीराम म्हणजे स्वतःच्या आईचा जीव घेतलेला माणूस. आईच्या अंगात भलतंच कुणीतरी शिरलंय, असं कानातले आवाज त्याला सांगत होते. त्याने त्यांचं ऐकलं. आणि पुढची गंमत बघा. गंमत कसली, काळीज फाटावं अशी गोष्ट! मुलाखतीच्या वारी, म्हणजे कैद्यांना घरचे भेटायला येतात त्या गुरुवारी, हा अंघोळ करायचा, केसांना पाणी लावायचा आणि भेटीच्या जाळीपाशी जाऊन बसायचा. आई येणार म्हणून.

या बराकीत कुणाला पायजम्याची नाडीसुद्धा ठेवू देत नाहीत. पण तुळशीरामला गुरुवारपुरता त्याचा पंचा मिळायचा. आईसमोर उघड्या खांद्याने कसं बसायचं, म्हणून तो हटून बसायचा. मुलाखत संपली की हवालदार पंचा परत घ्यायचा आणि वर थट्टा करायचा, “काय रे, म्हातारीची एसटी चुकली वाटतं?”

“पुढच्या गुरुवारी येईल,” तुळशीराम म्हणायचा.

“औषध बदललं मी,” तेजस सांगत होता. “आवाज बंद. झोप लागते. जेलरसाहेबांना सांगितलंय, संध्याकाळी साध्या बराकीत हलवा; त्यालाही कळवलंय. कोर्टालाही कळवतो, थांबलेला खटला आता चालवा म्हणून. इथे खाटेसाठी रांग लागलीय, सर.”

“अंघोळ केली त्याने आज?”

“केली की.”

“पंचा घेतला?”

“घेतला असेल… त्याचं काय?”

“बोलाव त्याला.”

तुळशीराम आला. केस चापून बसवलेले. भिंतीला टेकून उकिडवा बसला. पंचा मुठीत गच्च गुंडाळलेला होता.

“आज गेला नाहीस, बाळा?”

“नाही.”

“का रे?”

“ती नाही यायची.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माझं मलाच आठवलं…”

तेजसचा चेहरा असा फुलला की जणू घरचं पोरगं परीक्षेत पहिलं आलंय. “बघितलंत, सर? सगळं भान आलंय!”

तुळशीरामने मान वर केली नाही. “डॉक्टर,” तो हळूच म्हणाला, “तिकडच्या बराकीत पंचा ठेवू देतात ना?”

“देतात की! इथल्यासारखा पहारा नाही तिकडे.”

“बरं झालं,” तुळशीराम म्हणाला.

सरांनी हात पुढे केला. “ऊन फार लागतंय रे. तुझा पंचा दे जरा, डोक्यावर घेतो.”

कडुनिंबाची सावली अंगणभर पडली होती. तेजसने वर बघितलं, मग सरांकडे बघितलं.

तुळशीरामची मूठ उघडेना.

सरांचा हात तसाच पुढे. म्हातारा हात, पण मागे काही येईना.

शेवटी मूठ सुटली. सरांनी पंचा उलगडला. एका टोकाला सरकगाठ मारून तयार होती.

सर नखाने ती गाठ सोडवत बसले. सुटायला वेळ लागला. मग त्यांनी पंचा झटकला, नीट डोक्यावर घेतला.

तुळशीरामने तोंड झाकलं. “आये… काय केलं गं मी…” एवढंच म्हणून तो ओक्साबोक्शी रडायला लागला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

तेजसचा मघाचा ताठा कुठल्या कुठे गेला. संध्याकाळी त्यानेच याला तिकडे पाठवलं असतं, स्वतःच्या तोंडाने सांगून.

“सर… म्हणजे मी याला बरं करायलाच नको होतं का?”

“औषध थांबवू नकोस.”

“मग करू तरी काय?”

सर त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. डोक्यावरचा पंचा काढून त्यांनी तेजसच्या खांद्यावर टाकला.

“आज घरी जाऊ नकोस, याच्यापाशी बस.”