जिवबाचं वळण

आता बोलणं जरा हळू. डावीकडे तिवरांच्या मधून खाडी वाकते ना, ते जिवबाचं वळण. बाकी खाडीत जागोजाग जाळ्यांचे खुंट दिसले असतील, इथे एकही दिसणार नाही. फोटो काढा हवे तेवढे, पण पाण्यात हात घालू नका. तांबोशी, काळुंदरं, कोळंबी, सगळ्यांची पिल्लं या मुळांत वाढतात आणि मग खाडीभर पसरतात.

असं सांगतात, की फार पूर्वी एका वर्षी मासळी आटली आणि गावात चुली पेटेनात. तेव्हा तांडेलाने, म्हणजे होडीवाल्यांच्या पुढाऱ्याने, भर आषाढात या वळणाच्या तोंडाशी आडवं जाळं बांधायला सांगितलं. भरतीला बांधायचं आणि ओहोटीला आत कोंडलेलं सगळं उपसायचं, पोटात अंडी असलेल्या गाभोळीच्या माशांसकट, पिल्लांसकट. जिवबा नावाचा एक गाबीत मच्छीमार तेवढा आडवा आला. "आज खातल्यात, फुडल्या वर्साक काय खातल्यात?" असं म्हणाला म्हणे. कोणी ऐकलं नाही. उपाशी माणसाला दोष तरी काय द्यायचा, मीसुद्धा ऐकलं नसतं. मग तो एकटाच जाळं सोडवायला गेला आणि परत आलाच नाही. अर्धवट सुटलेलं जाळं आणि रिकामी होडी तेवढी मिळाली.

बुडालेला माणूस सापडत नाही तोवर त्या पाण्यात जाळं टाकायचं नाही, ही आमची जुनी रीत. गावाने चडफडत जाळं काढलं.

त्याची बायको आवडू रोज ओहोटीला चिखल तुडवत त्याला शोधायची. एक दिवस तो तिला सापडला म्हणे, तिवराच्या मुळांत अडकलेला. आसपास चिटपाखरू नव्हतं. तिने हंबरडा फोडला असता तर गाव धावून आला असता, बाया तिला जवळ घेऊन रडल्या असत्या. आणि सुतक सरल्यावर जाळं पुन्हा बांधलं असतं. म्हणून ती रडलीच नाही. हातांनी चिखल उकरून तिने त्याला तिथेच झाकलं आणि घरी आली.

नारळी पुनवेला होड्या सुटताना तांडेलाने तिच्या नवऱ्याचं विचारलं, "आवडू, घोव गावलो काय गो?"

"अजून नाय," ती म्हणाली.

पुढे दरवर्षी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. कुंकू तिने पुसलं नाही, त्यावरून बाया कुजबुजायच्या. सवाष्ण म्हणून तिची ओटी कोणी भरेना आणि विधवा म्हणून कोणी जवळ घेईना. मला विचाराल तर बुडून मरण्यापेक्षा हे कठीण. ज्याला आपल्या हातांनी पुरलं त्याची वाट बघायचं सोंग करायचं, तेही जन्मभर. मासे मात्र परतले. गाव पोटभर जेवू लागला आणि तिच्या दारावरून न थांबता जाऊ लागला.

शेवटच्या आजारात तिने शेजारणीला ते तिवर सांगितलं, आणि मलाही तिथेच न्या म्हणाली. गावाने चिखल उकरला तर खाली हाडं लागली. तिला त्याच्या शेजारी ठेवलं, चिखल सारखा केला आणि सगळे घरी गेले.

त्या वर्षीची नारळी पौर्णिमा आली. जिवबा सापडला होता, वळण आता जाळ्यांना मोकळं होतं. हातात नारळ घेऊन तांडेल उभा राहिला आणि सवयीने की मुद्दाम, देव जाणे, त्याने विचारलं, "जिवबा गावलो काय गो?" मग ती शेजारीण, तीही घरात एकटीच राहायची, पुढे झाली आणि म्हणाली, "अजून नाय." चिखल उकरणारे सगळे तिथेच होते. कोणी तिचं म्हणणं खोडून काढलं नाही.

आजही नारळी पुनवेला तांडेल विचारतो. उत्तर द्यायचा मान गावात एकटी राहणाऱ्या बाईचा. माझी मुलं लांब गेल्यापासून तो माझ्याकडे आहे. त्या दिवशी अख्खा गाव माझ्याकडे बघतो. एरवी कोण बघतंय? "अजून नाय," मी सांगते, आणि होड्या वळण सोडून पुढे निघून जातात.