टिबुकलीचं झाकलेलं अंडं

एक होतं दलदलीचं तळं. तळ्यात राहायचं एक पाणपाखरू, टिबुकली. मुठीएवढी. भित्री. तिचं घरटं पाण्यावर तरंगायचं, एका काडीला बांधलेलं. घरट्यात होतं एकच अंडं.

टिबुकलीला लागली भूक. तिने अंड्यावर ओलं गवत पांघरलं. कुणाला दिसायला नको! मग मारली बुडी. बुडुक बुडुक!

वर आली, तर सगळीकडे धुकं. पांढरं. गप्प. बेडूकसुद्धा बोलेना. जिकडे तिकडे ओल्या गवताचे ढीग. यातला आपला कुठला? शहाणीने इतकं छान झाकलं, की तिलाच सापडेना!

"अंडं गार पडेल हो!" टिबुकली रडली.

बुडुक बुडुक, गेली धुक्याकडे.

"धुकेबुवा, धुकेबुवा, हटा ना! माझं अंडं सापडत नाही."

"मी नाही हटत," धुकं घोगरं बोललं. "वारा उठला तर हटेन."

बुडुक बुडुक, गेली वाऱ्याकडे. वारा घोरत होता. हूंऽऽ हूंऽऽ.

"वारेमामा, वारेमामा, उठा ना! धुकं हटत नाही, माझं अंडं सापडत नाही."

"मी नाही उठत. लव्हाळी डुलली तर उठेन."

बुडुक बुडुक, गेली लव्हाळीकडे.

"लव्हाळीताई, लव्हाळीताई, डुल ना! वारा उठत नाही, धुकं हटत नाही, माझं अंडं सापडत नाही."

"मी नाही डुलत. मुळाशी खेकडा धावला तर डुलेन."

बुडुक बुडुक, गेली खेकड्याकडे. बिळात दोन डोळे चमकले.

"खेकडेकाका, खेकडेकाका, धावा ना! लव्हाळी डुलत नाही, वारा उठत नाही, धुकं हटत नाही, माझं अंडं सापडत नाही."

"मी नाही धावत," खेकडा कुजबुजला. "दारात ते पाय उभे आहेत. ते गेले तर धावेन."

टिबुकलीने पाहिलं. खरंच की! दोन पाय. काळे. लांब. वर अंग नाही. डोकं नाही. नुसते पाय!

टिबुकली मागे सरली.

"पायांनो, पायांनो, जा ना! खेकडा धावत नाही, लव्हाळी डुलत नाही, वारा उठत नाही, धुकं हटत नाही, माझं अंडं सापडत नाही."

पाय बोलेनात. पाय हलेनात. वरून थेंब पडला. टप्प.

पळून जावं? पण अंडं गार पडेल! टिबुकलीने डोळे मिटले. बुडुक! बोटाला मारली चोच. टच्च!

"क्वाऽऽक!" फडफड फडफड! अगं बाई, बगळा होता तो! उडाला पाय घेऊन.

पाय गेले, खेकडा धावला. खेकडा धावला, लव्हाळी डुलली. लव्हाळी डुलली, वारा उठला. वारा उठला, धुकं हटलं.

सुटे ढीग गेले वाहत. एकच जागचा हलला नाही. टिबुकलीने काडीला बांधलेला!

तिने गवत सारलं. अंड्याला पोट लावलं. गार? छे! गवताखाली मस्त उबदार!

टक. टक. टकाक! पिल्लू आलं बाहेर. चढलं आईच्या पाठीवर.

धुकं गेलं पार,
पिल्लू पाठीवर स्वार,
आमच्या गोष्टीला लागलं दार!