अध्यक्षांचं कोपर

"उद्या दहा वाजता, माझा चहा गार व्हायच्या आत, हे सातही शब्द मला दाखवायचे. सांगायचे नाहीत, दाखवायचे. आणि कॉम्प्युटर लावायचा नाही!"

संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब रणनवरे असं फर्मान सोडून निघून गेले आणि हेडक्लार्क विश्वनाथ उपळेकरांच्या तोंडचं पाणी पळालं. शब्द होते शाळेच्या ऑफिससाठी आणलेल्या नव्या यंत्रणेचे: ट्रिगर, वर्कफ्लो, रिमाइंडर, अप्रूव्हल, नोटिफिकेशन, ऑटोमेशन आणि बॉटलनेक. अर्ज, दाखले, रजा, सगळं आता आपोआप होणार होतं म्हणे. तात्यासाहेबांनी ती यंत्रणा रागाच्या भरात घेतली होती. ते याच शाळेत शिकलेले. पासपोर्टसाठी त्यांना शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती आणि तीन आठवडे झाले तरी खुद्द अध्यक्षांना ती मिळत नव्हती.

शब्द दाखवता आले नाहीत, तर उपळेकरांची बदली आडदऱ्याच्या शाखेत ठरलेली होती. आडदऱ्याला दिवसातून एकच एसटी जाते, आणि तीही घाटाखाली थांबून जावं की न जावं याचा विचार करते. उपळेकरांना निवृत्तीला दोन वर्षं होती आणि गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. बदलीचा आदेश त्यांना स्वतःलाच टाइप करावा लागला. एकही चूक झाली नाही, याचा त्यांना जरा अभिमानही वाटला.

मग ते कामाला लागले. सोपी गोष्ट अवघड करून लिहिण्याचा त्यांना तीस वर्षांचा अनुभव होता. 'ऑटोमेशन' म्हणजे 'स्वयंप्रवर्तित कार्यालयीन कार्यान्वयन', असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. वाचून पाहिलं तर त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तेव्हा ते अधिकच आवडलं. चार पानं झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला सांगायचं नाही, दाखवायचं आहे. ते डोक्याला हात लावून बसले.

शिपाई सगुणाबाई समोर येऊन उभी राहिली. बावीस वर्षं ती या टेबलावरून त्या टेबलावर कागद नेत होती. उपळेकर भाऊसाहेबांचा चेहरा का उतरलाय ते तिनं विचारून घेतलं, मग यंत्रणेसोबत आलेल्या माहितीपत्रकातला एकेक अर्थ साध्या भाषेत दोनदा वाचून घेतला. मध्येच तिला हसू आलं.

"भाऊसाहेब, ती चार पानं र्‍हाऊ द्या तुमच्यापाशी. उद्या मी दाखवते."

उपळेकरांना अपमान वाटायला हवा होता. पण त्यांना इतकं हायसं वाटलं की अपमान राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तात्यासाहेब खुर्चीत बसले, कागदांच्या गठ्ठ्यावर नेहमीसारखं कोपर टेकलं आणि चहाचा कप पुढं ओढला. सगुणाबाईनं खिडकीतली पितळी घंटी त्यांच्या टेबलावर ठेवून एकदा वाजवली.

"खिडकीवर माणूस येतो, ही वाजवतो, आन् काम सुरू हुतं. ह्यो ट्रिगर."

मग तिनं एक कोरा अर्ज उचलला. खिडकीपासून उपळेकरांकडे, तिथून मुख्याध्यापकांकडे, तिथून अध्यक्षांकडे अशी ती चालून आली. कागदाची ही ठरलेली वाट म्हणजे वर्कफ्लो. मुख्याध्यापकांच्या दाराशी ती दोनदा खोकली. सहीची आठवण करायला ती रोज अशीच खोकते, तो रिमाइंडर. अध्यक्षांचं हिरव्या शाईचं पेन तिनं पुढं केलं. त्यांनी 'पाहिले' असं लिहून सही केल्याशिवाय शाळेतून चिटोरंही बाहेर जात नसे, हा त्यांचाच नियम. ते अप्रूव्हल. मग खिडकीशी जाऊन "कागद झाला, घिऊन जावा" अशी हाक मारली, ते नोटिफिकेशन.

"आणि ऑटोमेशन?" तात्यासाहेबांनी विचारलं. चहातून अजून वाफ निघत होती.

"आता हितनं तिथं जा म्हून मला कुणी सांगितलं का? पाय आपसूक वळलं. त्येच त्ये."

तात्यासाहेबांनी मान डोलावली. उपळेकरांनी हळूच आपली चार पानं खिशात सारली.

"आता शेवटचा. बॉटलनेक."

"सगळी वाट मोकळी असती आन् एका जागी कागद अडतो, ती जागा," सगुणाबाई म्हणाली. "पर ती दाखवायला तुमचं कोपर उचलावं लागंल, साहेब."

उपळेकरांना घाटाखाली थांबलेली एसटी दिसू लागली. तात्यासाहेबांनी सावकाश कोपर उचललं. सगुणाबाईनं गठ्ठ्याच्या तळातून एक कागद ओढून काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला. दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज. अर्जदार: तात्यासाहेब रणनवरे. मुख्याध्यापकांची सही झालेली. फक्त 'पाहिले' राहिलेलं.

"उपळेकर, हा तीन आठवडे इथं आहे?"

उपळेकरांनी रजिस्टर उघडलं. 'पुढे पाठविला', असा त्यांचाच सुवाच्य शेरा होता. हा शेरा मारला की तो कागद त्यांच्यापुरता मोक्षाला जात असे, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळलं.

"आणि बाई, तू का बोलली नाहीस?"

"मला कुणी इचारलंच न्हाई, साहेब. दोनदा खोकले. तुम्ही खोकल्याचं औषध घ्यायला सांगितलंसा."

तात्यासाहेब आधी गालात हसले, मग इतके मोठ्यानं की चहा बशीत सांडला. त्यांनी स्वतःच्या अर्जावर हिरव्या शाईत 'पाहिले' लिहिलं आणि खाली दुसरी ओळ लिहिली: यापुढे दाखल्यांना अध्यक्षांच्या सहीची गरज नाही. बावीस वर्षं दाराशी स्टुलावर बसणाऱ्या सगुणाबाईला पंख्याखाली हात असलेली खुर्ची मिळाली, तीही त्याच दिवशी.

शेवटी तात्यासाहेबांनी गठ्ठ्यातून आणखी एक कागद काढला. उपळेकरांच्या बदलीचा आदेश, अजून सहीवाचून पडलेला. त्यांनी तो पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी सारला आणि त्यावर आपलं कोपर नीट टेकलं.

"हा मात्र इथंच अडू द्या," ते म्हणाले.