मुख्य यंत्राची पूजा

खंडेनवमीला माझ्या कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. "पूजलेलं यंत्र आज कुणी चालवायचं नाही," असं मी कामगारांना दरडावलं. त्याच दुपारी नातीचं बारसं होतं.

"तू हो पुढं," मी बायकोला म्हणालो. "मला उद्याच्या मालाची तयारी करायचीय."

"अहो, लेकीच्या लग्नातही अक्षता पडल्यावर आलात. आज तरी चला. ती वाट बघतेय."

"इथलं मुख्य यंत्र मी आहे. मी हललो की कारखाना बंद!"

तिनं पूजेचं ताट उचललं, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. मग कामगारांना म्हणाली, "ह्या यंत्राचीही पूजा झाली. आज हे चालवायचं नाही."

कामगार माना खाली घालून हसले. नियम माझाच होता. माळेसकट बारशाला गेलो. लोक पाळण्यातलं बाळ सोडून मलाच बघत होते.